चौकटीतली गव्हाण

चित्र हलवायचं पहिलं साधन माझ्या हाती आलं ते फ्लॅश. श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या परिसरात वाढल्यामुळे पहिल्यांदा काय हलवावं याचा विचार करावा लागला नाही. गव्हाणीत मोळी पडते, रोलरखाली रस सुटतो, चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर तो रस स्वच्छ करतात, पॅनमध्ये दाणा धरतो, शेवटी गरगर फिरणाऱ्या यंत्रातून मळी बाहेर जाते आणि साखर उरते. शिक्षिका झाल्यावर मी हाच धडा शाळेसाठी केला. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची मुलं वर्गात येत. आईबापांनी तोडलेल्या उसाचं फाटकाच्या आत काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं नसायचं. पडद्यावर ती मोळी पुन्हा पुन्हा टाकायला लावत.

फ्लॅशची फाइल म्हणजे रेघा, रंग आणि कोणत्या क्षणी काय सरकायचं याच्या सूचना. म्हणून ती इतकी लहान, संथ फोन-लाइनवरही उतरणारी. पण ब्राउझरला या सूचना स्वतःला वाचता येत नसत. त्यासाठी प्लगइन नावाचा वेगळा प्रोग्राम लागे, आणि त्याच्यातल्या फटींतून घुसखोर थेट संगणकात शिरत. ब्राउझर हळूहळू सावध झाले. धड्याच्या जागी राखाडी चौकट दिसू लागली. कुलपाच्या चिन्हावर क्लिक करा, साइट सेटिंग उघडा, फ्लॅशला अनुमती द्या. २०१८ पासून क्रोम बंद करून उघडला की हे सगळं पुन्हा. वर्ग समोर बसलेला, आणि मी कुलूप शोधतेय.

फ्लॅश बनवणाऱ्या अडोबीने २०१७ च्या जुलैमध्येच त्याचा शेवट जाहीर केला होता. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. शाळेच्या संगणकात मुलांची माहितीही असते. सलतं ते वेगळंच. गावोगावच्या शिक्षकांनी रात्री जागून केलेले धडे तीन वर्षांत नव्या रूपात आणायला हवे होते, आणि ते कुणी कामच मानलं नाही.

डिसेंबर २०२० मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून कविता आणि धडे मोबाइलवर उघडतात, हे त्यांचं काम जगाने पाहिलं. मला विलक्षण आनंद झाला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला फ्लॅशचा आधार संपला. १२ जानेवारी २०२१ पासून तर प्लेअरच धडे चालवायला नकार देऊ लागला. मग अनुमती द्यायलाही काही उरलं नाही.

आता रफल नावाचं साधन आहे. ते प्लगइन न घेता, ब्राउझरच्याच कुंपणात राहून जुन्या सूचना वाचतं. माझी गव्हाण त्यात चालली. मराठी अक्षरंही शाबूत निघाली, कारण फ्लॅश साध्या मजकुराचे आकारच फाइलमध्ये साठवत असे; त्या काळची युनिकोडपूर्व वेबपानं मात्र फॉन्ट नसला की अगम्य चिन्हांनी भरतात. धड्यातल्या प्रश्नमंजुषेची बटणं अजून अडतात, ती मी नव्याने लिहितेय. माळशिरस तालुक्यातल्या शिक्षकांच्या कपाटांत अशा धड्यांच्या सीड्या नक्की आहेत. सीडीवरचा थर उडायच्या आत त्या उतरवून घ्यायला मी घरोघरी जायला तयार आहे.