ॲमस्टरडॅमची दैनंदिनी (भाग ३) : न सोललेला बटाटा

सोमवार

वेस्टरस्ट्राटवरचा कापडबाजार फक्त सोमवारी भरतो आणि दुपारी एकला आवरतो, म्हणून सकाळी चहा घेऊन लगेच निघाले. दोन्ही बाजूंना तागे, लेस, बटणं. बायका कापड चिमटीत धरून चुरगाळतात, उजेडाकडे धरून बघतात आणि मगच भाव विचारतात. दीड मीटर निळं लिनन घेतलं. वारा फार बोचरा होता.

मंगळवार

व्हॅन गॉख संग्रहालय. तिकिटावर आत जायची वेळ ठरलेली असते, ती गाठली.

'बटाटे खाणारी माणसं' हे १८८५ सालचं चित्र बघायला मी आले होते. पुस्तकात ते नुसतं काळपट दिसतं. समोर उभं राहिल्यावर त्या काळपटपणात हिरवट, मातकट, निळसर असे थर दिसू लागतात. छताला टांगलेला एकच दिवा, खाली बटाट्यांची थाळी, एक बाई कॉफी ओततेय. पाठमोऱ्या मुलीचा चेहरा दिसत नाही, तिच्याभोवती फक्त वाफ. मी बराच वेळ हातच बघत राहिले. पेरं फुगलेली, बोटं आखडलेली. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात आता थाळीत आहेत, हे दाखवायचं होतं, असं व्हिन्सेंटने भावाला, थिओला, कळवलं होतं. चेहऱ्यांचा रंग त्याला आधी पसंत नव्हता. ते पुन्हा रंगवले, तेव्हा धुळीने माखलेल्या, न सोललेल्या बटाट्याचा रंग साधला.

याच संग्रहात लाल लाखेची एक पेटी आहे, तिच्यात लोकरीचे छोटे गुंडे. दोन-तीन रंगांचे धागे एकत्र गुंडाळलेले. कोणता रंग कोणाशेजारी उठून दिसतो हे तो असं धाग्यांवर ताडून बघायचा. आमच्या घरी आईचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. स्वेटरचा काठ ठरवताना ती त्यातले दोन धागे बोटाला गुंडाळून खिडकीशी जायची. माझ्या लेखी हे सगळं एकाच जातीचं काम आहे.

आणि थिओची बायको, योहाना. १८९१च्या जानेवारीत थिओ गेला, तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची, कडेवर वर्षाचंही न झालेलं मूल. तिने खाणावळीसारखं घर चालवलं, चित्रं सांभाळली, प्रदर्शनं भरवली, १९१४ साली दिराची पत्रं छापून आणली. त्या बाळाच्या जन्मानिमित्त व्हिन्सेंटने रंगवलेली बदामाची फुललेली फांदी घरातच राहिली, आता इथे आहे. या बाईचं नाव शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बुधवार

आल्बर्ट काउप बाजार. हा १९०५पासूनचा. काउप हा सतराव्या शतकातला चित्रकार, आणि आसपासच्या गल्ल्याही चित्रकारांच्याच नावाच्या : फ्रान्स हाल्स, यान स्टेन. संग्रहालयाच्या भिंतीवर वाचावीत तशी नावं इथे भाजीच्या पाट्यांवर डोकावतात.

मासे, चीज, फुलं, गरम स्ट्रूपवाफल. मी बटाट्यांपाशी थांबले. डचांचा 'आर्दापल' म्हणजे जमिनीतलं सफरचंद. विक्रेत्याने आधी विचारलं, कुस्करायचे की उकडून फोडी ठेवायच्या? त्यावर पिठूळ की घट्ट हे ठरतं. एक हातात घेतला. साल कोरडी, खाचांत माती. कालचा तो रंग तळहातावर होता.

जेवायला सुरिनामी खाणावळ. मऊ, घडी घातलेली रोटी, चवळीच्या लांब शेंगा, रस्सा. १८७३पासून कलकत्त्याहून सुरिनामच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या पुढच्या पिढ्यांतली वाढणारी बाई. माझा चेहरा बघून तिने डच सोडली आणि पळी रश्श्यात बुडवत विचारलं, ''आलू?''

मी ताट पुढे केलं.