नात्याचा रस्ता

रायगडला तुम्ही केव्हा ना केव्हा गेलाच असाल. नाहीतर मुलांच्या शाळेची सहल तरी गेली असेल. महाडपाशी मुंबई-गोवा रस्त्यावर नातेखिंड लागते आणि तिथून गडाचा रस्ता फुटतो. नाते, कोंझर, पाचाड अशी गावं मागे टाकत तो पायथ्याला जातो. सहलीच्या गाड्या नाते गावात सहसा थांबत नाहीत. चिंतामणराव देशमुखांचा जन्म इथला, १८९६ सालचा. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. पण हे सांगायलाही गाडी थांबवावी लागते, आणि मुलांना गडाची घाई असते.

आमच्या ह्यांच्या आत्या नात्याजवळच्या एका वाडीत राहतात. मी महाडात. घर सांभाळून दुपारी चार तास शाळेत शिकवते आणि महिन्या-दोन महिन्यांनी आत्याबाईंकडे एक चक्कर टाकते. इतकी वर्षं जातेय, पण ह्या रस्त्याचं नाव काय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. महाडात आम्ही त्याला नात्याचा रस्ता म्हणतो, पाहुण्यांना सांगताना रायगड रोड म्हणतो. आत्याबाईंच्या तोंडी तोच महाडचा रस्ता. आणि त्यांच्या अंगणातून वर बोट दाखवलं की तोच गडाचा रस्ता! ज्याला जिथे जायचंय तिथलं नाव तो रस्त्याला देतो. खिंडीचंही तसंच. नात्याकडे नेते म्हणून नातेखिंड.

प्रश्न पडला तो गॅसच्या अर्जामुळे. आत्याबाईंना नवी जोडणी हवी होती. अर्जात रकाने होते : घर क्रमांक, इमारतीचे नाव, रस्त्याचे नाव, विभाग. मी पेन घेऊन बसले आणि विचारलं, "आत्या, रस्त्याचं नाव काय लिहू?"

"रस्त्याला कशाला गं नाव? त्याचं काय बारसं करायचंय?"

"बरं, घराचा नंबर?"

"कुठला हवाय? दारावर बघ, भरपूर आहेत."

खरंच होते. एक रंगाने लिहिलेला, ग्रामपंचायतीचा. एक जनगणनेवाल्यांचा, अर्धा पुसलेला. पोलिओचे डोस द्यायला येणाऱ्या बायकांच्या खडूच्या खुणा तर किती वर्षांच्या, कोण जाणे. तुमच्याही दारावर असतील, सणाला रंग काढताना आपण त्या पुसतो आणि पुन्हा उमटतात.

ग्रामपंचायतीचा क्रमांक लिहिला खरा, पण त्यावरून घर सापडेल अशी आशा नव्हती. हा आकडा घर शोधण्यासाठी नसतोच, घरपट्टी वसूल करण्यासाठी असतो. पंचायतीच्या नमुना ८ च्या वहीत घरांची नोंद होते आणि मागाहून बांधलेल्या घराला पुढचा आकडा मिळतो. त्यामुळे सदतिसाच्या शेजारी एकशे बारा असला तरी वहीच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. पाहुणा मात्र फिरत बसतो.

सरकारने रस्त्यांना आकडे दिलेले आहेतच. ग्राममार्ग, इतर जिल्हा मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, राज्य मार्ग, राष्ट्रीय महामार्ग अशी ती उतरंड. खालचे दोन जिल्हा परिषदेकडे, त्यांच्या वरचे दोन सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. रस्त्याची बढती झाली की खड्ड्याची तक्रार घेऊन जायचं दारही बदलतं. कडेचे दगड नीट पाहिलेत तर माथ्याच्या रंगावरून ओळखता येतं : पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग, केशरी असला तर गावाकडचा रस्ता. हे मी मुलांना एस.टी.च्या खिडकीतून दाखवते, प्रवासात भांडणं कमी होतात.

आमचा मुंबई-गोवा रस्ता राष्ट्रीय महामार्ग १७ होता. २०१० मध्ये देशभरचे आकडे नव्याने लावले आणि तो ६६ झाला. मला वाटायचं, कुणीतरी उगाच फेरफार केले. पण त्यात हिशेब आहे. दक्षिणोत्तर रस्त्यांना सम आकडे, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. आपण पश्चिम किनाऱ्यावरचे, म्हणून आकडा एवढा मोठा. हे कळलं तेव्हा बरं वाटलं. तरी आमचे रिक्षावाले अजून "सतरा नंबर" म्हणतात. आत्याबाईंच्या जुन्या पत्रांवर जिल्हा कुलाबा आहे, तो १९८१ मध्ये रायगड झाला. माणूस आपल्या जागी बसून असतो आणि पत्ता हलत राहतो.

महाडच्या बाजूने शहर जसजसं पसरतंय, तसतशी नावं बदलताहेत. जिथे आंबा होता म्हणून आंब्याचा माळ, तिथे आता कुठलंसं नगर, कुठलंसं पार्क. नगर म्हटलं की भाव वाढतो म्हणे! मला ह्या सपाट नावांचा रागच होता. जुनं नाव वाटाड्याचं काम करतं. चढ, ओढा, पार, कुणाचं घर, सगळं त्यातून कळतं. कोकणात तर वाडी हाच पत्ता. २२ जुलै २०२१ ला तळियेची कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. आमच्याच तालुक्यातलं हे नाव साऱ्या महाराष्ट्राने त्या दिवशी ऐकलं. मदतीला धावणाऱ्याला नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही, हे त्या पावसाने शिकवलं.

पण माझा राग एका वहीने उतरवला. 'माझा पत्ता' असा सोपा धडा दिला होता. एका हुशार मुलीने मुक्काम, तालुका, जिल्हा, पिन सगळं सुवाच्य लिहिलं, वाडी तेवढी गाळली. मी लाल पेनाने 'अपूर्ण' लिहिलं. वही परत देताना तिची मान खाली गेली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिच्या वाडीचं नाव जातीवरून पडलेलं होतं. मैत्रिणींनो, ज्या महाडात १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी सर्वांसाठी खुलं व्हावं म्हणून सत्याग्रह केला, तिथली मी मास्तरीण! मला इतकं कळू नये? मी ते 'अपूर्ण' खोडून 'छान' लिहिलं. तिने ते पाहिलं की नाही, माहीत नाही.

वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर अशी नावं द्यावीत, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. कागद पोचतो, जिभेवरचं नाव जायला वेळ लागतो. तेव्हापासून 'नगर' शब्दाला मी सरसकट नाक मुरडत नाही. आंब्याच्या माळाचं नाव राहावं आणि तिच्या वाडीचं जावं, असं मला वाटतं. दोन्ही एकाच कारणासाठी : नाव सांगताना माणसाची मान ताठ असावी.

बाहेरच्या देशांतही हे सगळं झालेलं आहे. अमेरिकेत खेड्यातल्या घरांचा पत्ता म्हणजे टपालाच्या फेरीचा क्रमांक आणि पेटीचा क्रमांक असे. पोस्टमनला तो पुरायचा, रुग्णवाहिकेला नाही. मग ९११ ह्या संकटकाळच्या फोनसाठी रस्त्यांना नावं आणि घरांना आकडे दिले गेले. ऑस्ट्रेलियाची युक्ती मला फार आवडली. तिथे शेतावरच्या घराचा आकडा अंतरावरून ठरतो. रस्ता सुरू होतो तिथून घराच्या फाटकापर्यंत मीटर मोजायचे आणि दहाने भागायचं. म्हणजे घर २५४ असेल तर ते सुमारे अडीच किलोमीटरवर. मध्ये नवं घर झालं तरी आकडे विस्कटत नाहीत. आपल्या मैलाच्या दगडाचंच तर हे भावंड!

एक घरगुती सांगणं. गावाकडे घर असेल तर पंचायतीतून नमुना ८ चा उतारा एकदा काढून वाचा. आता गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत, केंद्राची ही स्वामित्व योजना २०२० पासूनची. शहराची हद्द वाढली की नगरपालिकेकडे जाणारा कागद ह्याच नोंदींवरून तयार होतो. उताऱ्यात आकडा बरोबर आहे का तेवढंच नका पाहू, त्यापुढे नाव कोणाचं आहे तेही पाहा. घर दोघांच्या नावावर लावता येतं. आत्याबाईंच्या उताऱ्यावर अजून मामंजीच होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. पट्टी दरवर्षी ह्याच भरत होत्या, पावती त्यांच्या नावाची! आम्ही नाव लावण्याचा अर्ज दिला, तेव्हा आत्याबाई दोनदा म्हणाल्या, "कशाला गं आता?" आणि सही मात्र पहिल्या फटक्यात केली.

गॅसच्या अर्जात शेवटी मी 'महाड-रायगड रस्ता' लिहिलं, खाली वाडीचं नाव आणि 'पाराजवळ' अशी पुस्ती जोडली. सिलिंडर आला त्या दिवशी मी तिथेच होते. मोठ्या रस्त्यावरून मुलाचा फोन आला, मी त्याला घर क्रमांक सांगू लागले. आत्याबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला.

"हे बघ बाळा, पारावरून वर चढ. फणस लागला की उजवीकडे वळ. निळं दार. कुत्रं भुंकेल, चावत नाही."

पाच मिनिटांत तो दारात होता.