राजापूरच्या सड्यावरील चातुर्मास

राजापूर हे जुने बंदर अर्जुना नदीच्या काठी, सखल भागात वसलेले आहे. शहर सोडून कशेळी किंवा देवाचे गोठणे या गावांकडे निघाले की रस्ता चढू लागतो आणि चढ संपल्यावर डोंगराच्या शिखराऐवजी विस्तीर्ण सपाट मैदान समोर येते. कोकणात या मैदानास सडा म्हणतात. हा सारा सडा जांभ्या दगडाचा आहे. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली या दगडाला लॅटेराइट हे नाव दिले, ते लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून. याच दगडाचे चिरे कापून कोकणातील घरे, विहिरी आणि गडगे उभे राहिले आहेत.

वैशाखात सडा पाहणाऱ्यास तो निर्जीव वाटतो. काळवंडलेला कातळ, भेगांतून वाळलेले गवत, दृष्टीच्या टप्प्यात एखादेही मोठे झाड नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा पोटखराब म्हणून असते आणि व्यवहारात तिची किंमतही त्याच शब्दाने ठरते. परंतु सड्याचे खरे जीवन मृगापासून अश्विनापर्यंतच्या चार महिन्यांत घडते. या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा याच काळात येतो. कातळावरील प्रत्येक खळगा पाण्याने भरतो. कुठे ओंजळभर पाणी, कुठे गुडघाभर डबके, कुठे म्हशी डुंबतील एवढे तळे. एका तळ्यातील पाणी ओसंडून दुसऱ्यात जाते आणि कडेला पोहोचताच त्याचा पऱ्या होऊन ते खाली वाडीकडे धावते.

पहिल्या सरींबरोबर भेगांतील मूठभर मातीतून कोकण दीपकाडीची पांढरी फुले वर येतात. कोकणपट्टी आणि तिला लागून असलेला प्रदेश वगळता ही वनस्पती जगात अन्यत्र आढळत नाही. वर्षाचे कितीतरी महिने ती केवळ कंदरूपाने कातळाच्या भेगेत दडून असते. त्याच सुमारास डबक्यांत बेडकांचे नर हळदीसारखा पिवळा रंग धारण करून माद्यांना साद घालतात. उघड्या कातळावर टिटवी खड्यांमध्ये खड्यासारखी दिसणारी आपली अंडी मांडते. बहुधा ती चार असतात. उथळ पाण्यात बोटाच्या पेराहूनही लहान, कोळंबीसारखे पारदर्शक जीव पाठीवर पोहताना दिसतात. त्यांची अंडी सुकलेल्या गाळात वर्षानुवर्षे टिकून राहतात आणि पाणी मिळताच उमलतात. म्हणजे उन्हाळ्यात जो गाळ धूळ म्हणून पायाखाली जातो, तो या जीवांची ठेव असतो.

श्रावण-भाद्रपदात सड्याचा रंग पालटतो. ओलसर कातळावर गेंदाची पांढरी बोंडे दाटतात, त्यांच्यामध्ये सीतेच्या आसवांची जांभळी-निळी फुले डोलतात. कडेला तेरडा फुलतो, आणि कोकणातील अनेक घरांत याच तेरड्याची गौर बसते. सीतेची आसवे दिसायला नाजूक असली तरी तिच्या मुळाशी, ओल्या मातीत, सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत पाण्यातील अतिसूक्ष्म जीव ओढले जातात. दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरील चिकट थेंबांनी कीटक धरते. यामागचे कारण या भूमीच्या दारिद्र्यात आहे. मुसळधार पावसाने जांभ्यावरील मातीचे सारे सत्त्व धुऊन नेलेले असते. नत्र आणि स्फुरद तेथे जवळजवळ उरत नाहीत. जे मातीत मिळत नाही, ते या वनस्पती अन्य मार्गाने मिळवतात. अशा ठिकाणी खत घातलेली माती आणून टाकली, तर या वनस्पतींचे भले होत नाही. जोमदार तण येऊन त्यांना हुसकावून लावते.

याच डबक्यांवर पिवळसर देहाचा एक चतुर घिरट्या घालत असतो. पाणी आटण्यापूर्वी वाढ पूर्ण करणे त्याच्या पिलांना भागच असते आणि साधारण दीड महिन्यात ती पंख फुटून बाहेर पडतात. पावसाळा सरताना वाऱ्याची दिशा बदलते, तेव्हा या जातीचे थवे मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात असे अभ्यासक मानतात. एके काळी राजापूरची गलबते मोसमी वाऱ्याचा असाच हिशेब मांडून अरबस्तानाकडे निघत असत.

माणसाचा सड्याशी असलेला संबंध तर त्याहूनही जुना आहे. कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कातळात कोरलेला आहे. कोकणात आज कोठेही नसलेल्या गेंड्याचीही चित्रे या परिसरातील कातळांवर आढळतात. ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट झाली. शिल्पाभोवती कुंपण घालता येते; शेजारच्या डबक्याची मात्र कोणी दखल घेत नाही.

आणि खरा प्रश्न त्या डबक्याचाच आहे. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर थांबलेले पाणी त्यातून झिरपत खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत जाते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने प्रकट होते. सड्याखालच्या वाड्यांच्या विहिरी या झऱ्यांवर चालतात. चिरेखाणीसाठी कातळ खोलवर कापला, बागेसाठी तो सुरुंगाने फोडून भराव टाकला किंवा सपाटीकरण करून भूखंड पाडले, की दीपकाडी जाते, टिटवी जाते आणि काही वर्षांनी खालच्या विहिरीचे पाणीही लवकर आटू लागते. कापलेला जांभा पुन्हा तयार होण्यास लागणारा काळ माणसाच्या पिढ्यांत मोजता येत नाही.

सडा पाहण्यासाठी ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा मध्य हा उत्तम काळ. वर्षाकाळी भूमी जीवांनी भरलेली असते म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी राहतात. त्यामागचा अर्थ येथे डोळ्यांनी दिसतो. म्हणून कुटुंबासह जाणाऱ्यांनी कोरड्या, उघड्या कातळावरूनच चालावे, गेंदाच्या ताटव्यात बसू नये, मुलांना डबक्यात उतरू देऊ नये. फुले तोडू नयेत, कारण त्यांचे बी हीच पुढील वर्षाची पेरणी आहे. सोबत साधे भिंग असले तर सीतेचे एक आसू पाहण्यातही अर्धा तास सहज जातो.

कोकणात जमीन घेऊ इच्छिणारी व्यापारी कुटुंबे आज थोडी नाहीत. जागा दाखवली जाते ती बहुधा उन्हाळ्यात, रस्ते कोरडे असताना. पण सुटीच्या दिवशी बंद दार पाहून कोणत्याही पेढीची किंमत कोणी ठरवत नाही. सड्याचा व्यवहार ठरवण्यापूर्वी त्याला एकदा भाद्रपदात भेट द्यावी, खालच्या वाडीतील विहीर कोठून भरते ते विचारावे, आणि मगच पोटखराब या शब्दाचे मोल करावे.