वांझ, षंढ आणि सर्टोलीच्या पेशी

मराठीत 'वांझ' हा शब्द बाईला लागतो, गाईला लागतो, झाडालाही लागतो. पुरुषाला मात्र लागत नाही. 'वांझोटा' हे पुल्लिंगी रूप आहे, पण ते वादाला किंवा संतापाला लावण्यापुरते. (आपल्या समीक्षेत 'वांझोटी चर्चा' अधूनमधून येतेच.) मूल होऊ न शकणाऱ्या पुरुषासाठी बोलीने जे शब्द राखून ठेवले आहेत, षंढ, नपुंसक आणि त्यांची गावरान भावंडे, ते सारे मुळात संभोगाच्या असमर्थतेचे शब्द आहेत. समर्थ असूनही अपत्यहीन असा पुरुष आपल्या बोलीभाषेने कल्पिलेलाच नाही. 'पुरुष वंध्यत्व' हा शब्दप्रयोग दवाखान्याच्या पाटीवर आढळतो, घरात नाही.

यामागे बीज आणि क्षेत्र यांचे जुने रूपक आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री ही क्षेत्र आणि पुरुष हा बीज असे सांगितले आहे. बीज एकदा स्वयंसिद्ध मानले की पीक न येण्याचा दोष आपोआप जमिनीकडे जातो. बीजाचेही कुणी संगोपन करीत असेल, त्यालाही एखादे क्षेत्र लागत असेल, हा प्रश्न त्या रूपकात उपस्थितच होत नाही.

तो उपस्थित झाला सूक्ष्मदर्शकाखाली. 1865 साली एन्रिको सर्टोली या विशीतल्या इटालियन संशोधकाने वृषणातील नलिकांमध्ये फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या लांबट पेशींचे वर्णन केले. नलिकेच्या तळापासून आतल्या पोकळीपर्यंत त्या उभ्या असतात आणि त्यांच्या घड्यांमध्ये वाढीच्या वेगवेगळ्या अवस्थांतील बीजपेशी वसलेल्या असतात. पुढे त्यांना दाईची, आईची उपमा मिळाली. ही उपमा मला तंतोतंत वाटते. ही पेशी वाढत्या बीजपेशींना अन्न पुरवते, वाढू न शकलेल्यांना आणि शुक्राणूने टाकून दिलेल्या उरल्यासुरल्या द्रव्याला गिळून टाकते आणि सुमारे दोन-अडीच महिन्यांच्या घडणीनंतर शुक्राणूला नलिकेच्या पोकळीत मोकळे सोडते.

तिचे आणखी एक काम अधिक विलक्षण आहे. आपले काय आणि परके काय, हे शरीराची संरक्षणव्यवस्था बालपणीच शिकून घेते. शुक्राणू निर्माण होऊ लागतात ते वयात आल्यावर. त्यामुळे स्वतःच्याच शरीरात ते परके ठरण्याचा धोका असतो. म्हणून शेजारशेजारच्या सर्टोली पेशी एकमेकींना घट्ट जोडून घेऊन रक्त आणि बीज यांच्यामध्ये एक भिंत उभारतात. बीजपेशीला या भिंतीपलीकडे जायचे असते, तेव्हा तिच्या मागे आधी नवी भिंत बांधली जाते आणि मगच पुढची उघडते.

या दाईंची संख्या वयात येईपर्यंत जवळजवळ ठरून जाते. किती शुक्राणू घडतील याची मर्यादाही त्या संख्येनेच पडते. एवढेच नव्हे, तर गर्भावस्थेत वृषण घडवणारे एसआरवाय हे जनुक (त्याचा शोध 1990 साली लागला) याच पेशींच्या पूर्वजांत कार्य करते. गर्भाशय ज्या नलिकांपासून बनते, त्या मुलग्याच्या गर्भात विरघळवून टाकणारे संप्रेरकही याच पेशी स्रवतात. पुरुषाच्या घडणीचा आरंभच असा दाईच्या हातून होतो. योगायोगाने मराठीत 'पेशी' हा शब्द स्त्रीलिंगी आहे.

आवाज, दाढी, कामेच्छा यांच्यामागचे टेस्टोस्टेरॉन मात्र या पेशी तयार करीत नाहीत. ते काम नलिकांच्या बाहेर असलेल्या लायडिग पेशींचे. म्हणजे 'षंढ' आणि 'वंध्य' यांच्यात जी सीमारेषा भाषेने आखली नाही, ती देहात पूर्वीपासून आहे.

माझ्या मावशीच्या यजमानांचा वृषणाच्या तपासणीचा अहवाल 2004 साली माझ्या हाती आला तो घरातला शिकलेला भाचा म्हणून. त्यात लिहिले होते, 'सर्टोली सेल ओन्ली'. नलिकांमध्ये फक्त दाया आहेत, बीजपेशी एकही नाही. या अवस्थेतल्या काही पुरुषांत एखाद्या नलिकेत शुक्राणू सापडतात. काकांच्या बाबतीत डॉक्टरांनी तशी आशा दाखवली नाही. काका उंचेपुरे, भरदार आवाजाचे, तरुणपणी गावच्या कबड्डी संघाचे कप्तान. मावशीला तोवर दहा वर्षे 'वांझ' ऐकावे लागले होते. डोहाळजेवणाचे आमंत्रण तिला येई, पण ओटी भरायची वेळ झाली की कुणीतरी तिला स्वयंपाकघरात पाठवी.

"आता तरी सांगून टाक की सगळ्यांना," मी म्हणालो.

"आणि यांना काय म्हणतील रे? मला एकच शब्द ऐकावा लागतो. यांच्यासाठी जो आहे, तो यांना सोसवायचा नाही."

पत्नीधर्म म्हणून या उत्तराचा गौरव करण्याचा मोह होतो, तो मी टाळतो. मला त्यात भाषेचा अचूक हिशेब दिसतो. दोन अपशब्दांपैकी कोणता हलका, हे तिने तोलून पाहिले होते. 'याच्या बीजपेशी नाहीत, बाकी सारे ठीक आहे' एवढे म्हणणारा साधा शब्द गावाकडे असता, तर तोलण्याची वेळच आली नसती.

काका 2019 साली गेले. हे लिहू का, असे मी मावशीला विचारले. ती म्हणाली, "लिही, पण नाव घालू नकोस. आणि त्या पेशींचं नाव नीट लिही, मला ते कधी उच्चारता आलं नाही."