हाटपिपल्याची वाट आणि गिअरचा हिशेब

सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ साली देवासला राहायला गेले. त्यामुळे बेळगावकडच्या घरांना देवास हे नाव परके नाही. त्याच जिल्ह्यात, देवास शहराच्या आग्नेयेला हाटपिपल्या आहे. मध्य प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री कैलाश जोशी यांचे हे जन्मगाव. भोवती माळव्याची काळी माती आणि पावसाळ्यात सोयाबीनची हिरवी शेते. पठारावर साधी सायकलही पुरते.

मात्र इथून चापड्यामार्गे नर्मदाकाठच्या नेमावरला जायचे, तर विंध्याचे पठार उतरावे लागते. परतताना तोच उतार चढ होतो. चोर्ला किंवा आंबोली सायकलने चढलेल्यांना अधिक सांगायला नको.

समजा, पुढच्या चेनव्हीलना ४८, ३८, २८ दाते आहेत आणि मागचे फ्रीव्हील १४ ते २८ दात्यांचे आहे. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.१ मीटर जाते. मागे ३४ दात्यांची मोठी चकती आली, की हे अंतर १.७ मीटरवर येते आणि चढ सोपा होतो.

पण नुसते फ्रीव्हील बदलून भागत नाही. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा आणि तिचा ढिलेपणा ओढून धरणारा डिरेलरही त्याला पेलवला पाहिजे. हिशेब सोपा आहे. पुढच्या मोठ्या-लहान चकत्यांतला फरक २०, मागचा १४, बेरीज ३४. नव्या फ्रीव्हीलने ती ४० होते. डिरेलरची क्षमता निदान तेवढी हवी, शिवाय ३४ दात्यांची चकती त्याला चालते का, तेही पाहावे. क्षमता कमी असेल, तर लहान-लहान जोडीवर चेन लोंबते. ते टाळायला चेन आखूड केली, तर मोठ्या-मोठ्या जोडीवर ती इतकी ताणली जाते की डिरेलर मोडू शकतो. लांब पिंजऱ्याचा डिरेलर जास्त ढिलेपणा सामावून घेतो.

कानडीत घाटाला 'घट्ट' म्हणतात. त्या घट्टावर चेन मात्र घट्ट होऊन चालत नाही. डिरेलरसारखा सुटा भाग वाटेवरच्या गावात मिळेलच असे नाही. तेव्हा निघण्यापूर्वीच सायकल स्टँडवर चढवून मोठ्या-मोठ्या आणि लहान-लहान जोड्या हाताने सावकाश फिरवून पाहाव्यात. मग नर्मदेचे दर्शन घेऊन पुन्हा माळवा चढताना सायकल ढकलत आणायची वेळ सहसा येत नाही.