स्वार: जुना आणि नवा



शिवकालाच्या धड्यात तुम्ही शिलेदार आणि बारगीर हे शब्द वाचले असतील. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. दोघेही स्वारच. हाच 'स्वार' शब्द एका मनगटी घड्याळाचे नाव आहे, आणि त्या घड्याळाचे मुंबईशी व आपण राहतो त्या आखाताशी जुने नाते आहे. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

वेस्ट एंड वॉच कंपनी मूळची स्वित्झर्लंडची. पण १८८०च्या दशकापासून तिचा व्यापार वाढला तो मुंबईतून. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिने 'स्वार' घड्याळ काढले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढणाऱ्या हिंदी फौजेबरोबर ही घड्याळे गेली, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. पुढे अरब देशांतही त्यांचे चांगले नाव झाले. अलीकडे याच कंपनीने जुन्याची आठवण म्हणून 'स्वार १९१६' या नावाचे नवे घड्याळ काढले. माझ्या आजोबांचे 'स्वार प्रायमा' आमच्या घरी आहे. ते युद्धातले नाही, बरेच नंतरचे. पण त्यामुळे मला या घराण्याची गोडी लागली, आणि जुने व नवे यांत फरक काय, हे मी इंजिनियरच्या सवयीने तपासू लागलो.

जुन्या लष्करी घड्याळातील प्रत्येक गोष्टीला कारण होते, बरं का! त्या आधी बहुतेक पुरुष घड्याळ खिशात ठेवीत. पण एका हातात बंदूक किंवा लगाम असताना खिशातून घड्याळ कसे काढणार? म्हणून लहान आकाराच्या खिशातल्या घड्याळालाच तारेच्या कड्या जोडून त्यात पट्टा ओवला, आणि ते मनगटावर आले. आकडे ठळक, कारण वेळ एका नजरेत कळायला हवी. तोफा किती वाजता थांबणार आणि पायदळ किती वाजता पुढे जाणार हे आधी ठरलेले असे. तिथे मिनिटाची चूक म्हणजे आपल्याच तोफांखाली आपली माणसे.

रात्री दिसावे म्हणून आकड्यांना रेडियमचा रंग लावीत. हा रंग लावणाऱ्या अमेरिकेतील मुली कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांनी ओला करीत. त्यातील अनेक जणी आजारी पडून दगावल्या. रेडियम अर्धे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. त्यामुळे आज त्या आकड्यांची चमक विझलेली असली तरी किरणोत्सर्ग संपलेला नाही. असे घड्याळ घरी असेल तर मुलांनी ते कधीही उघडू नये.

आता नव्या आवृत्त्या पाहा. त्या सहसा जुन्यापेक्षा मोठ्या असतात. काच सॅफायरची, तिच्यावर सहजी ओरखडा उठत नाही. अंधारात चमकणारा रंग निरुपद्रवी. तो दिवसाचा उजेड साठवून रात्री परत देतो. जुन्याला रोज किल्ली द्यावी लागे. नवे स्वयंचलित असेल तर हाताच्या हालचालीनेच त्याची स्प्रिंग गुंडाळली जाते. जुन्याचे चक्र सहसा तासाला १८,००० ठोके देई, म्हणजे सेकंदाला ५. नव्यांत बहुधा २८,८००, म्हणजे सेकंदाला ८. धक्क्यापासून चक्र वाचवणारी 'इन्काब्लॉक' ही युक्ती १९३४ च्या सुमारास आली, आणि ती वापरणाऱ्या अगदी पहिल्या कंपन्यांत वेस्ट एंड होती. म्हणजे यंत्र म्हणून पाहिले तर नवे घड्याळ सरस आहे, यात वाद नाही.

गंमत पुढेच आहे. जुन्या लष्करी घड्याळांच्या अनेक नव्या आवृत्त्यांत चमकणारा रंग मुद्दाम पिवळसर ठेवतात, कारण जुना रेडियमचा रंग शंभर वर्षांत तसा झाला आहे. म्हातारपण पहिल्याच दिवशी विकत मिळते!

हे ऐकून माझ्या मुलीने विचारले, "बाबा, मग नवं घड्याळ खोटं आहे का?"

खोटे नाही. ते आपले साल लपवत नाही. खोटी घड्याळे वेगळी. मुंबईत जुन्या तबकड्या नव्याने रंगवून, काहींवर ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा बाण काढून, ती 'लष्करी' म्हणून विकली जातात. हा बाण म्हणजे घड्याळ सरकारचे, बारगिराच्या घोड्यासारखे. न मिळालेला मान असा रंगवून घेणे ही लबाडी झाली. नवा 'स्वार' मात्र नातवासारखा आहे. नातू आजोबांसारखा दिसतो, त्याचे आपल्याला कौतुक असते. पण म्हणून तो लढाईवर गेला होता असे होत नाही.

आणि ती लढाई कोणाची होती? नव्या घड्याळाच्या नावातले १९१६ हे साल नीट लक्षात ठेवा. त्या वर्षी २९ एप्रिलला, १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, इराकमधील कुत येथे ब्रिटिश-हिंदी फौज तुर्कांना शरण गेली. त्या डिव्हिजनचे नाव होते सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. त्यातून स्विस घड्याळ घेणे त्याला अवघडच. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान त्या महायुद्धात कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे.

या आखाताच्या वरच्या टोकाला बसरा आहे. मेसोपोटेमियात पडलेल्यांचे मोठे स्मारक १९२९ मध्ये तिथे उभे राहिले. १९९७ मध्ये ते नासिरियाच्या वाटेवर वाळवंटात हलवले गेले. त्याच्या मूळ शिळांवर ब्रिटिश सैनिकांची नावे आली. हिंदी अधिकाऱ्यांचीही आली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या! युद्धस्मारकांत असा भेदभाव झाला याबद्दल ब्रिटनमध्ये २०२१ साली जाहीर माफी मागण्यात आली.

घड्याळावर 'स्वार' हे नाव शंभर वर्षे टिकले, पण कितीतरी स्वारांची आणि शिपायांची नावे शिळेवर आलीच नाहीत. कंपनी घड्याळ पुन्हा बनवू शकते. नाव पुन्हा बनवता येत नाही. ते कोणीतरी लिहून ठेवावे लागते.

म्हणून मुलांनो, पुढच्या वर्गाला येताना एक काम करा. फोनवर आजी-आजोबांना विचारा: आपल्या घरातले किंवा गावातले कोणी सैन्यात होते का? त्यांचे पूर्ण नाव, गाव आणि साल स्वच्छ देवनागरीत लिहून आणा. पालकहो, घरात जुने घड्याळ असेल तर ते कोणाचे होते, हेही त्याच कागदावर लिहा. सगळे कागद आपण वर्गाच्या एका फायलीत लावून ठेवू.