उभी असलेली

आजीच्या देव्हाऱ्याशेजारी लक्ष्मीची तसबीर होती. पदरावर चिकटवलेली जर काळी पडलेली, टिकल्या गळून चौकटीच्या तळाशी साचलेल्या. दर शुक्रवारी आजी काच पुसून कुंकवाचं बोट टेकवायची. ते कपाळ कोणाचं, हे मला कधी सुचलंच नाही.

अशा तसबिरी छापणारा चित्रकार रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. तिथल्या शिळाछापाच्या दगडांवरून उतरलेल्या देवी घरोघरी पोचल्या. पण देवी काढायची तर आधी कुणी बाई समोर हवी. तिचे पाय भरून आले असतील, मान अवघडली असेल, घरी तान्हं रडत असेल. चित्रकाराचं नाव उरलं, तिचं गेलं. अंजनीबाई मालपेकर त्याच्यासाठी बसल्या होत्या, असं म्हणतात. पण अंजनीबाई उरल्या त्या गाण्यामुळे, भेंडीबाजार घराण्याच्या तालमीमुळे. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकले. जिला असा गळा नव्हता, तिला कुठे शोधायचं?

बंगळुरूच्या कलावंत पुष्पमाला एन. यांनी तिला शोधलं नाही, त्या तिच्या जागी जाऊन कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. 2000 ते 2004 या काळात, छायाचित्रकार क्लेअर अर्नींच्या सोबतीनं. रविवर्म्याची लक्ष्मी त्याच झाल्या, 1889 च्या चित्रातली चांदण्यातली बाईही त्याच. मागचा पडदा रंगवलेला आहे, हे लपत नाही. आणि मग तोडा जमातीची स्त्रीही त्याच. इंग्रजांनी माणसांची अंगं मोजायला लावलेला तसा चौकटीचौकटींचा पडदा तिच्या पाठीमागे आहे. हे छायाचित्र मला लक्ष्मीपासून वेगळं ठेवता येत नाही. एकीला पुजलं, एकीला मोजलं. हलू नकोस, हे दोघींनाही सांगितलं गेलं. पुष्पमालांच्या चेहऱ्यात मला देवी दिसत नाही, श्वास धरून उभी असलेली बाई दिसते. एकदा दिसली की ती जुन्या चित्रांतही दिसू लागते, आणि पोटात तुटतं.

आजी गेल्यावर घर आवरताना तसबीर उतरवली. मागे चौकट करणाऱ्याच्या दुकानाचा शिक्का होता, अजून वाचता येणारा. पुढे ती, हातात कमळं घेऊन.

दारात आलेल्या कुठल्याही बाईला आजीनं कधी उभं ठेवलं नाही. भांडीवाली असो, बोहारीण असो, आधी पाट सरकवायची.

मी तसबीर भिंतीशी टेकवली, फडकं घेतलं, आणि आजीच्याच सुरात तोंडून निघून गेलं, बस गं. किती वेळची उभी आहेस.